ठेव आणि मुदत

जर्मनीतल्या म्युनिकच्या लेनबाखहाउस या संग्रहालयात चित्रकार पाउल क्लेचं एक चित्र आहे. ‘झुम्फलेगेंडे’, म्हणजे दलदलीची दंतकथा. १९१९ सालचं, पुठ्ठ्यावर तैलरंगात केलेलं, जेमतेम ४७ बाय ४१ सेंटिमीटरचं. काखोटीला मारून नेता येईल एवढंच. लहान मुलानं काढाव्यात तशा खिडक्या, कलंडलेली घरं, झाडं आणि त्या सगळ्यात चुकल्यासारखं उभं असलेलं एक माणूस. एवढ्याशा चित्रासाठी म्युनिक शहर एका कुटुंबाशी पाव शतक भांडलं. शहराची मुख्य ढाल एकच होती: दावा करायची मुदत उलटून गेली आहे.

कायद्याच्या पुस्तकात ही ढाल भक्कम होती, हे मला मान्य आहे. तरीही ती सार्वजनिक संग्रहालयाच्या हातात असता कामा नये, असं माझं मत आहे. शोभत नाही एवढंच म्हणून मी थांबणार नाही. कायद्यानंच ती काढून घेतली पाहिजे. असं का, ते चित्राच्या मालकिणीचं आयुष्य सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते आयुष्यच या खटल्यातला सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि न्यायालयात नेमका त्याचाच उपयोग झाला नाही.

सोफी श्नायडर १८९१ मध्ये कील इथं जन्मली आणि म्युनिकमध्ये कलेचा इतिहास शिकली. तिचं लग्न झालं पाउल एरिख क्युपर्स या कलेतिहासकाराशी. १९१६ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, हानोफरमध्ये केस्टनर गेझेलशाफ्ट ही कलासंस्था निघाली आणि क्युपर्स तिचा पहिला संचालक झाला. हानोफर हे बिस्किटं आणि शाई बनवणाऱ्या कारखानदारांचं, पोटापाण्याला लागलेलं, जरा कर्मठ शहर. तिथं या दांपत्यानं नव्या चित्रकारांना घर मिळवून दिलं. क्युपर्सनं १९२० मध्ये घनवादावर (क्युबिझमवर) पुस्तक लिहिलं. चित्रं तर घरात येतच होती. क्ले, कान्दिन्स्की आणि त्यांच्या बरोबरीचे इतर.

संग्राहक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गर्भश्रीमंत माणूस येतो, कपाटं भरून ठेवणारा. सोफी त्यातली नव्हती. ज्या चित्रांना तेव्हा बाजारात फारसं कुणी विचारत नव्हतं, ती तिनं घेतली. चित्रकारांशी घरोबा होता, पत्रव्यवहार होता, त्यांची चित्रं खपवून द्यायची धडपड होती. आज ज्याला आपण दूरदृष्टी म्हणतो, ती त्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना उधळपट्टी वाटली असेल तर नवल नाही. १९२२ च्या सुरुवातीला पाउल क्युपर्स इन्फ्लुएंझानं गेला. सोफी तिशीत, पदरात दोन लहान मुलगे, आणि मालमत्ता म्हणावी तर भिंतीवरची ही चित्रं.

त्याच वर्षी रशियाहून आलेला एल लिसित्स्की तिला भेटला. चित्रकार, वास्तुकार, अक्षररचनाकार, सगळंच थोडंथोडं आणि सगळंच नवं. १९२३ मध्ये केस्टनर संस्थेनं त्याच्या शिळाछापांचा संच काढला. मग त्याला क्षय झाल्याचं निघालं. स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नोजवळच्या आरोग्यधामात त्याला पाठवण्यासाठी सोफीनं जीव टाकला. उपचाराचा खर्च भागावा म्हणून लिसित्स्की हानोफरच्याच पेलिकान शाईच्या जाहिराती करत होता. (आज त्या जाहिराती संग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या असतात. औषधपाण्यासाठी केलेलं काम पुढं अभिजात ठरतं, ही कलेच्या इतिहासातली जुनीच गंमत.) सोफी त्याच सुमारास म्युनिक आणि ड्रेस्डेनमध्ये डच अमूर्त चित्रकार मोन्द्रियानची चित्रं लोकांसमोर आणायची खटपट करत होती. मोन्द्रियानला जर्मनीत गिऱ्हाईक मिळवणं हा त्या काळी धंदा नव्हता, हट्ट होता.

बहुतेक ठिकाणी तिची ओळख ‘लिसित्स्कीची पत्नी’ अशी करून देतात. तिचं काम दिसत नाही, कारण ते दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं आहे. एखादा चित्रकार टिकतो तेव्हा त्याच्यामागं कुणीतरी चौकटी बनवून घेतलेल्या असतात, पत्रं जपलेली असतात, सुरुवातीची दोन गिऱ्हाइकं शोधलेली असतात. या उचापतींना कलेच्या इतिहासात स्वतंत्र नाव नाही. सोफीनं त्या आयुष्यभर केल्या.

१९२६ मध्ये तिनं मॉस्कोला जायचं ठरवलं. तिथं १९२७ च्या जानेवारीत तिचं लिसित्स्कीशी लग्न झालं. जाताना चित्रं कुठं ठेवायची? डझनावर कलाकृती तिनं हानोफरच्या प्रांतिक संग्रहालयात ठेवल्या. ‘दलदलीची दंतकथा’ त्यांतच होती. विकल्या नाहीत, दानही केल्या नाहीत. उसन्या दिल्या. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर ठेव म्हणून ठेवल्या. त्या संग्रहालयाचा प्रमुख अलेक्झांडर डॉर्नर नव्या कलेचा खंदा पाठीराखा होता. त्यानं लिसित्स्कीकडून तिथं ‘अमूर्त दालन’ करून घेतलं. भिंतींवर उभ्या बारीक पट्ट्या, एका अंगानं काळ्या, दुसऱ्या अंगानं पांढऱ्या. माणूस चालू लागला की भिंतीचा रंग काळा, करडा, पांढरा असा पालटत जायचा. काही चित्रं सरकत्या पडद्यांमागं, बघणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पडदा सरकवून ती बघायची. त्या काळात यापेक्षा चांगल्या हाती चित्रं सोपवता आली नसती. म्हणूनच पुढं जे घडलं ते सोफीच्या गाफीलपणामुळं घडलं, असं कुणाला म्हणता येत नाही.

१९३७ मध्ये नाझी सरकारची पथकं जर्मनीतल्या संग्रहालयांत शिरली. सगळी मिळून सुमारे २० हजार कलाकृती त्यांनी उचलल्या. १९ जुलैला म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन सुरू झालं. बघा, किती भिकार आणि वेडसर आहे ही कला, असं लोकांना दाखवण्यासाठी. चित्रं मुद्दाम दाटीवाटीनं, वाकडीतिकडी लावलेली, भिंतींवर खिल्ली उडवणारी वाक्यं. त्यातल्या ‘दादा’ या संकेत मोडणाऱ्या कलाचळवळीची टर उडवणाऱ्या भिंतीवर क्लेची ‘दलदलीची दंतकथा’ होती. लिसित्स्कीचं हानोफरमधलं दालनही त्याच वर्षी मोडलं गेलं.

मग आला ३१ मे १९३८ चा कायदा. लूट आधी, कायदा मागाहून. त्यात म्हटलं होतं की संग्रहालयांतून उचललेल्या ‘अधःपतित’ कलाकृती सरकार मोबदला न देता जप्त करू शकेल. पण त्याच वाक्याच्या शेपटीला एक अट आहे: उचलली तेव्हा ती वस्तू जर्मन नागरिकाच्या किंवा देशांतर्गत संस्थेच्या मालकीची असली पाहिजे. ही अट काही नाझींच्या कनवाळूपणातून आली नव्हती. परदेशी मालकांशी कज्जे नकोत, एवढाच हिशेब. पण आता सोफीची बाब बघा. १९१३ च्या जर्मन नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी पुरुषाशी लग्न करणारी जर्मन स्त्री आपलं नागरिकत्व गमावत असे. १९२७ मध्ये सोफीनं सोव्हिएत नागरिकाशी लग्न केलं. म्हणजे नाझींच्या स्वतःच्या कायद्याच्या शब्दाबरहुकूमसुद्धा तिची चित्रं जप्त करता येत नव्हती. चोरानं स्वतःसाठी लिहिलेल्या परवान्यातही ही चोरी बसत नाही!

गोष्ट इथं संपत नाही. १९४१ च्या डिसेंबरात लिसित्स्की क्षयानं गेला. तेव्हा जर्मन सैन्य सोव्हिएत भूमीत घुसलेलं होतं. १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारनं सोफीला सैबेरियात, नोवोसिबिर्स्कला हद्दपार केलं. गुन्हा काय, तर ती जर्मन. जर्मनीनं तिची चित्रं ती जर्मन असल्यासारखी घेतली, रशियानं तिची घरदारं ती जर्मन म्हणून घेतली, आणि कागदोपत्री ती जर्मन राहिलेलीच नव्हती. तिचा एक मुलगा जर्मनीला परतला आणि साक्सेनहाउसेनच्या नाझी छळछावणीत पोहोचला. दुसरा, हान्स, सोव्हिएत श्रमछावणीत मेला. एका आईची दोन मुलं, दोन राजवटींच्या दोन छावण्या. विसाव्या शतकाचा इतिहास शिकवताना एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुष्कळ काम होईल.

नोवोसिबिर्स्कमध्ये ती लिसित्स्कीपासूनच्या मुलाला, १९३० मध्ये जन्मलेल्या येनला घेऊन राहिली. पोटासाठी बायकांना शिवणटिपण आणि भरतकाम शिकवायची. एके काळी मोन्द्रियानच्या काळ्या रेघा लोकांना समजावून सांगणारी बाई दोऱ्यांचे टाके शिकवत होती. मला यात करुणा कमी आणि चिवटपणा जास्त दिसतो. १९५६ मध्ये हद्दपारीचे निर्बंध उठले, पण ती तिथंच राहिली. लिसित्स्कीची पत्रं, रेखाटनं, कागद तिनं या सगळ्यातून वाचवले होते. १९६७ मध्ये पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून तिचं लिसित्स्कीवरचं मोठं पुस्तक निघालं. लिसित्स्कीचा अभ्यास करणाऱ्याला आजही ते टाळता येत नाही. १९७८ च्या डिसेंबरात ती नोवोसिबिर्स्कमध्येच वारली.

आता मुदतीकडे येऊ. जुन्या जर्मन दिवाणी कायद्यात मालकी हक्काच्या दाव्याला ३० वर्षांची मुदत होती. आपल्या डोक्यात साधं गणित करून बघू. १९३७ पासून ३० वर्षं मोजली तर १९६७ येतं. बरोबर त्या वर्षी सोफीचं पुस्तक छापलं जात होतं. १९४५ पासून मोजली तर १९७५. या काळातली बारा वर्षं ती सैबेरियात हद्दपार होती. त्यानंतरची सगळी वर्षं ती अशा देशात होती, जिथून पश्चिम जर्मनीतल्या न्यायालयात दावा लावणं एका म्हाताऱ्या जर्मन विधवेला सुचणंही अवघड होतं. आणि चित्र? ते १९४१ मध्ये हिल्डेब्रांट गुर्लिट या व्यापाऱ्यानं ५०० स्विस फ्रँकला उचललं होतं. हा गुर्लिट सरकारनं ‘अधःपतित’ माल विकण्यासाठी नेमलेल्या चार व्यापाऱ्यांपैकी एक. नंतर ते हस्ते परहस्ते फिरत राहिलं. १९८२ मध्ये म्युनिक शहरानं गाब्रिएले म्युंटर प्रतिष्ठानाबरोबर मिळून ते लेनबाखहाउससाठी विकत घेतलं. सोफी जाऊन चार वर्षं झाली होती.

मुदतीचा कायदा मुळात वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. जमिनीचे दावे ज्यानं पाहिलेत त्याला मुदतीची किंमत कळते. साक्षीदार मरतात, दस्त वाळवीच्या तोंडी जातात, दोन पिढ्या कसलेल्या शेतावर एखाद्या दिवशी कुणीतरी पणजोबाचा कागद घेऊन उभं राहतं. कधीतरी विषय मिटला पाहिजे. मुदतीमागचा विचार असा आहे की हक्कदार माणूस इतकी वर्षं गप्प बसला, तर त्याला हक्क नको होता असं समजायला हरकत नाही. पण तो गप्प बसला की त्याच्या तोंडावर हात ठेवला होता, हा फरक मुदत करत नाही. सोफीचं मौन तिचं नव्हतं. घड्याळ मात्र तिच्याच नावावर चालत राहिलं.

शिवाय मुदतीमागचं दुसरं कारण पुरावा नष्ट होण्याचं. इथं तीही सबब नाही. नाझींनी काय केलं नसेल ते नसेल, पण नोंदी केल्या. जप्त कलाकृतींची १६ हजारांहून जास्त नोंदींची, टंकलिखित दोन खंडांची यादी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कुठल्या शहरातून काय उचललं, कुणाला दिलं, केवढ्याला दिलं. लुटारूनं लुटीचं इतकं टापटीप जमाखर्च ठेवल्याचं उदाहरण विरळाच.

येन लिसित्स्की १९८९ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला आणि आईची चित्रं शोधू लागला. म्युनिकनं नकार दिला. १९९३ मध्ये न्यायालयानंही त्याला परत पाठवलं, मुदत संपली म्हणून. १९९८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी नाझी लुटीतल्या कलाकृतींबद्दलची तत्त्वं मान्य केली: मालक शोधा, न्याय्य तोडगा काढा, कायद्याच्या बारकाव्यांआड लपू नका, असा त्यांचा सूर. जर्मनीनंही मान डोलावली. पण ही तत्त्वं बंधनकारक नव्हती. जर्मनीत २००३ पासून अशा वादांसाठी सल्लागार आयोग होता. त्याच्यापुढं जायचं तर तेव्हा दोन्ही बाजूंची संमती लागायची. म्हणजे ज्याच्या घरात वस्तू आहे त्यानंच म्हणायचं, चला पंचांकडे. म्युनिक तयार झालं नाही.

या दरम्यान इतर ठिकाणी काय झालं तेही पाहण्याजोगं आहे. क्योटोमधल्या एका जपानी संग्रहालयानं सोफीचं क्लेचं दुसरं एक चित्र २००१ मध्ये येनला परत केलं. कान्दिन्स्कीचं ‘इम्प्रोव्हिजेशन १०’ बाझेलजवळच्या बायेलर प्रतिष्ठानाकडे होतं. तिथं वाद रंगला, पण २००२ मध्ये पैसे देऊन समेट झाला आणि चित्र तिथंच राहिलं. हे खासगी संग्राहक, स्वतःच्या खिशातून गेलेल्या पैशाचे. ज्या शहरात ते ‘अधःपतित’ प्रदर्शन भरलं होतं, ज्या शहरातल्या लोकांनी रांगा लावून त्या चित्राला हसून घेतलं होतं, ते म्युनिक मात्र २०१७ पर्यंत अडून बसलं. २०१७ च्या जुलैत अखेर तडजोड झाली. चित्र लेनबाखहाउसमध्येच राहील, वारसांना बाजारभावाला धरून रक्कम मिळेल. बातम्यांमध्ये ती २० ते ४० लाख युरोंच्या दरम्यान असल्याचं आलं होतं.

शहराची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. आम्ही १९८२ मध्ये चांगल्या मनानं, जनतेच्या पैशानं चित्र घेतलं. ते परत दिलं तर वारस ते लिलावात काढतील आणि कुणा धनिकाच्या तिजोरीत जाईल. आज ते रोज कुणीही तिकीट काढून बघू शकतो. हा युक्तिवाद ऐकून मीही क्षणभर डळमळतो. भिंतीवरचं चित्र भिंतीवर राहावं, असं मलाही वाटतं.

पण ‘चांगल्या मनानं’ या शब्दाला एवढं वजन देता येत नाही. क्लेचं हे चित्र १९३७ च्या प्रदर्शनात होतं ही गोष्ट गुपित नव्हती, त्या भिंतीची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. १९३७ मध्ये हानोफरमधून उचललेलं क्लेचं चित्र तुमच्यासमोर विक्रीला येतं, तेव्हा पहिला प्रश्न असा हवा की ते हानोफरच्या मालकीचं होतं की तिथं ठेवलेलं होतं. साधी जुनी मोटारगाडी घेतानाही माणूस आधीच्या मालकाचे कागद बघतो. संग्रहालयाचा तर तोच धंदा. आणि वारस विकतील म्हणून परत द्यायचं नाही, हा तर्क मला नीट कळलेलाच नाही. मालकाला विकायचा हक्क नसेल तर तो मालक कसला? शिवाय सोफीनं स्वतः गरज पडली तेव्हा चित्रं विकली. १९२२ नंतर त्यावरच मुलांना वाढवलं. ती या चित्रांकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी बघत नव्हती.

याच्या मुळाशी एक आणखी जुनी गाठ आहे आणि बहुतेक लोकांना ती माहीत नसते. १९३८ चा तो जप्तीचा कायदा महायुद्धानंतर कधी रद्दच केला गेला नाही. दोस्त राष्ट्रांनी नाझींचे कितीतरी कायदे पुसून टाकले, हा राहू दिला. कारण व्यवहारी होतं. जप्त चित्रं तोवर जगभर विकली गेली होती, स्वित्झर्लंडपासून अमेरिकेपर्यंत. कायदा रद्द केला तर प्रत्येक विक्री प्रश्नात. ड्रेस्डेनमधून उचललेलं क्लेचं ‘माशाभोवती’ हे चित्र १९३९ मध्येच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं घेतलं होतं. ते परत मागायचं? मग बदल्यात कोण काय मागेल? जर्मन संग्रहालयांनीही आपापसात हा विषय उकरायचा नाही असं ठरवून टाकलं.

इथं मी एक भेद करतो, आणि माझ्या मते सगळा वाद त्यावरच मिटायला हवा होता. ड्रेस्डेनचं चित्र सरकारी होतं. सरकारनं आपलंच चित्र मूर्खपणानं, द्वेषानं, मातीमोल भावानं विकलं. ते पाप खरं, पण घरच्या कारभाऱ्यानं घरचं सोनं विकण्याचं पाप. त्याची शिक्षा त्याच्या पुढच्या पिढीनं भोगावी, म्हणजे ते चित्र बघायला न्यूयॉर्कला जावं. सोफीचं चित्र सरकारी नव्हतंच. ती ठेव होती. कारभाऱ्यानं शेजारणीनं विश्वासानं ठेवलेली पेटी विकली. या दोन गोष्टी एकाच कायद्याच्या कलमाखाली झाल्या म्हणून एकाच तराजूत तोलता येत नाहीत. १९३८ चा कायदा सरसकट रद्द करायला अडचण आहे, समजू शकतो. पण उसन्या आणि खासगी कलाकृतींपुरता तो पहिल्या दिवसापासून शून्य होता असं जाहीर करायला कसलीच अडचण नव्हती. तेवढं झालं असतं तर येनला म्हातारपणापर्यंत खेटे घालावे लागले नसते.

दुसरी मागणी त्याहून साधी. ज्या संस्था जनतेच्या पैशावर चालतात, त्यांना अशा दाव्यांत मुदतीचा बचाव घेता येऊ नये. २०१२ मध्ये म्युनिकच्याच एका सदनिकेत याच गुर्लिटच्या मुलाकडे हजारावर कलाकृती सापडल्या आणि २०१३ च्या नोव्हेंबरात बातमी फुटली, तेव्हा सगळीकडे गहजब झाला. बव्हेरियाच्या सरकारनं २०१४ मध्ये मुदतीला मुरड घालणारं विधेयक आणलं, पण तेही फक्त बदहेतूनं वस्तू बाळगणाऱ्यांपुरतं. आणि तेसुद्धा पुढं सरकलं नाही. त्या गहजबात सगळ्यांची बोटं सदनिकेत एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे होती. तिथून थोड्याच अंतरावर सोफीचं चित्र, त्याच गुर्लिटच्या हातून गेलेलं, दिवसाढवळ्या टांगलेलं होतं. त्यावर दिवाही सोडलेला होता.

मराठी वाचकाला हे सगळं फार लांबचं वाटेल. पण त्या वावटळीतला पाचोळा मुंबईलाही येऊन पडला होता. बर्लिनचा रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये मुंबईत आला आणि कलासमीक्षक झाला. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाला. तिथलाच इमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईत चित्रं जमवू लागला. रझा, आरा, गोव्याचा सूझा, आपला गाडे या चित्रकार पोरांच्या मागं ही परागंदा मंडळी उभी राहिली आणि त्यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाला पहिले जाणकार, पहिली गिऱ्हाइकं मिळाली. हानोफरमध्ये सोफी जे करत होती, तेच काम. फॉन लायडन तर पुढं सावंतवाडीच्या गंजिफांसकट भारतीय पत्त्यांचा नामांकित संग्राहक आणि अभ्यासक झाला. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचं मोल लाखा-कोटीत सांगताना या लोकांची ओळख आपणही एका ओळीत उरकतो, तेव्हा मला म्युनिकला फार नावं ठेवायचा हुरूप राहत नाही.

तरीही एक प्रश्न सुटत नाही. तडजोड झाली, पैसे मिळाले, चित्र लोकांसाठी राहिलं, मग तक्रार कसली? तक्रार क्रमाची आहे. २०१७ मध्ये जे देता आलं ते १९९२ मध्ये देता येत होतं. त्यासाठी नवा कागद सापडावा लागला नव्हता, नवा साक्षीदार उभा राहिला नव्हता. बदलली ती फक्त बाहेरची हवा. गुर्लिट प्रकरणानंतर जगभरातून बोटं दाखवली जाऊ लागली. लाजेमुळं मिळालेला न्याय हा न्यायच असतो, पण तो पुढच्या माणसाला मिळेल याची खात्री नसते. कायदा असता तर खात्री असती. सोफीचं प्रकरण गाजलं कारण चित्र क्लेचं होतं आणि त्याची किंमत लाखांत होती. कमी नावाच्या चित्रकाराचं, कमी भावाचं उसनं चित्र एखाद्या छोट्या गावच्या संग्रहालयात असेल, तर त्याच्या वारसाला पाव शतक वकील परवडणार आहे का?

लिसित्स्कीचं अमूर्त दालन हानोफरनं १९६८ मध्ये पुन्हा उभारलं. पट्ट्या, सरकते पडदे, सगळं जुन्या छायाचित्रांवरून. सोफी तेव्हा ७६ वर्षांची होती आणि नोवोसिबिर्स्कमध्ये राहत होती. ‘दलदलीची दंतकथा’ तेव्हा बाजारात होती, कुणाच्या ना कुणाच्या मालकीची.

म्युनिकला गेलात तर चित्राशेजारची पाटी वाचा. संग्रहालयांच्या पाट्यांवर चित्रकाराचं नाव मोठं असतं आणि चित्र कुठून आलं ते बारीक अक्षरात, तळाला. माझ्या हातात असतं तर मी तिथं पहिल्या ओळीत क्लेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिलं असतं: सोफी लिसित्स्की-क्युपर्स हिनं १९२६ मध्ये हानोफरच्या संग्रहालयात ठेवायला दिलेलं चित्र.